बसची वेळ सांभाळून कॉलेजात रुजायचं कसं

दुपारी दीडचा तास सुटला की मी थेट पणजीचा कदंब स्टँड गाठायचे. वाळपईची बस मिळाली तर ऊन उतरायच्या आत घरी. चुकली तर पोचेपर्यंत दिवेलागण आणि आईचा जीव टांगणीला. पदवीचं पहिलं वर्ष तास, बस, घर यातच गेलं. आमच्या कॉलेजची एकांकिका बसते आहे हे मला कळलं ते ती बक्षीस घेऊन परत आल्यावर. त्यातली म्हातारी जिने केली होती ती मुलगी माझ्याच वर्गात, मागच्या बाकावर बसायची. गावच्या जत्रेतल्या नाटकात मी तीन वर्षं काम केलं होतं, पण कॉलेजात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आता मी स्वतः कॉलेजात शिकवते. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण अशा गोव्यातल्या लांबच्या तालुक्यांतून येणारी मुलं दर जुलैत मला तशीच धावत स्टँडकडे जाताना दिसतात. त्यांच्यात गुण कमी नसतात. कॉलेजात कोण पुढे येतं आणि कोण मागे राहतं हे धीटपणापेक्षा दोन साध्या गोष्टींवर ठरतं: वेळेचा हिशेब मांडला का, आणि योग्य माणसाला जाऊन विचारलं का. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी बसचा कागद करा

एका कागदावर आठवड्याचे वार मांडा. प्रत्येक वारी शेवटचा तास कधी सुटतो ते लिहा. त्यापुढे तुमच्या गावाकडे जाणाऱ्या सगळ्या बसच्या वेळा लिहा, कदंबच्याही आणि खाजगीही. या वेळा ऐकीव नकोत. एक दिवस स्टँडवर थांबून कंट्रोलरला आणि कंडक्टरांना विचारून घ्या. मग शेवटच्या बसवर काट मारा. तुमची खरी बस तिच्या आधीची. पावसात शेवटची बस वाटेत बंद पडली तर मागून काही येत नाही, आणि असं एकदा झालं की घरचे पुढचं वर्षभर थांबू देत नाहीत.

या कागदावर जे मोकळे तास उरतील ते तुमचं भांडवल. कुणाला मंगळवारी आणि गुरुवारी दोन-दोन तास मिळतील, कुणाला फक्त दुपारच्या सुट्टीतला अर्धा तास आणि शनिवार. त्यावरून कुठल्या उपक्रमात जायचं ते ठरवा. रोज संध्याकाळी सहापर्यंत चालणारी तालीम तुम्हाला झेपणार नसेल, तर त्याच नाटकाचं प्रकाश किंवा पार्श्वसंगीताचं काम शेवटच्या आठवड्यात जास्त आणि आधी कमी वेळ मागतं. वादविवादाची तयारी बसमध्ये बसूनही होते. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, सात दिवसांचं निवासी शिबिर तर लांबच्या मुलांना पणजीतल्या मुलांपेक्षाही सोयीचं, कारण त्या आठवड्यात रोजची ये-जाच नसते.

घरी बोलताना ‘कॉलेजात कार्यक्रम आहे, उशीर होईल’ एवढंच सांगू नका. त्याने काळजी वाढते. कुठले वार, किती वाजेपर्यंत, किती आठवडे, कोण शिक्षक जबाबदार, त्यांचा फोन नंबर, आणि परतताना सोबत कोण, या सहा गोष्टी सांगा. मुलींच्या बाबतीत शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरते. तुमच्याच रस्त्यावरचं आणखी कोण आहे ते शोधा: साखळीची, होंड्याची मुलं एकाच बसला असतात, फक्त वेगवेगळ्या वर्गांत. आणि शिक्षिकेला घरी एक फोन करायला सांगायला लाजू नका. मी असे फोन दरवर्षी करते. दोन मिनिटांच्या बोलण्याने परवानगी मिळते, आणि पुढे तेच आई-वडील प्रयोगाला पहिल्या रांगेत येऊन बसतात.

पहिले सहा आठवडे

गोव्यात पहिलं सत्र भुर्रकन जातं. जून-जुलैत प्रवेश, मग वर्ग लागतात न लागतात तोच चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी, ती संपली की आयएसए, म्हणजे सत्रातल्या चाचण्या, आणि दिवाळीच्या आगेमागे सत्राची परीक्षा. जो ‘आधी कॉलेज नीट समजू दे, मग बघू’ म्हणतो त्याच्या हातून नोंदणी निघून जाते. एनएसएस, एनसीसी, निरनिराळी मंडळं यांची नावनोंदणी बहुतेक चवथीच्या आतच आटपते.

या काळात एवढंच करा. सूचना फलक रोज वाचा, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर विसंबू नका. तिथे सूचना येते ती कुणीतरी फलकाचा फोटो काढला तर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोघांशी ओळख करा आणि त्यांना नेमका प्रश्न विचारा: ‘इथे खरं काम कुठल्या मंडळात चालतं, आणि ते कोण शिक्षक बघतात?’ कागदावर वीस मंडळं असतात, जिवंत चार-पाच. मग त्या शिक्षकाला प्रत्यक्ष भेटा. ‘सर, मला भाग घ्यायचाय’ हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा ऐकतो आणि विसरतो. ‘सर, मी आमच्या गावात आरत्यांना घुमट वाजवतो, मंगळवारी-गुरुवारी चारपर्यंत थांबू शकतो’ हे वाक्य आम्ही लिहून ठेवतो.

याच सुमारास विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका येतात. वर्ग प्रतिनिधी, जनरल सेक्रेटरी, आणि विद्यापीठाकडे पाठवायचा प्रतिनिधी, ज्याला सगळे यूएफआर म्हणतात. विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. त्यांत उमेदवाराला ७५ टक्के हजेरी हवी, आणि प्रचाराचा खर्च ५,००० रुपयांच्या वर जाता कामा नये, असं आहे. पहिल्या वर्षी मोठ्या पदाच्या मागे लागू नका. वर्ग प्रतिनिधी व्हा. त्या एका वर्षात कार्यालयातला कारकून, प्राचार्यांची वेळ, सभागृहाची किल्ली कुणाकडे असते, हे सगळं कळतं, आणि संस्था चालते ती याच माहितीवर. राजकीय संघटनांशी जोडून घ्यायचं की नाही हा तुमचा निर्णय. फक्त कुणाच्या जीपमध्ये बसण्याआधी त्यांचा जाहीरनामा वाचा.

एनएसएस आणि एनसीसी

एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ पासून देशभर चालू आहे. हिशेब सोपा: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि त्यासोबत एक सात दिवसांचं विशेष शिबिर. १२० तास ऐकायला खूप वाटतात, पण आठवड्याला तीन-चार तासच पडतात. काम काय करायला मिळेल हे मात्र युनिटच्या प्रोग्राम ऑफिसरवर अवलंबून असतं, आणि तो माणूस ऐकणारा असेल तर तुम्हीही सुचवू शकता. किनारा साफ करून फोटो काढण्यापलीकडे गोव्यात करण्यासारखं पुष्कळ आहे. पंचायतीची जैवविविधता समिती गावाची लोक-जैवविविधता नोंदवही करते. तिला झाडांची स्थानिक नावं, जुनी भातबियाणी, झरी-तळ्यांची माहिती टिपून देणारे हात लागतात. आजीला विचारून कोरगूट भाताबद्दल चार पानं लिहून आणणारी मुलगी त्या नोंदवहीत खरी भर घालते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे सागरी कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याचे लोक तिथे राखण करतात, आणि त्यांच्या परवानगीने युनिटला जाऊन काम समजून घेता येतं.

एनसीसीत जाणार असाल तर मन घट्ट करून जा. पहाटेची परेड, गणवेश, शिबिरं आणि वरच्या ‘सी’ प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांची चिकाटी लागते. पण लष्करात अधिकारी व्हायचं मनात असेल तर हा रस्ता सोडू नका: ‘सी’ प्रमाणपत्र आणि पदवीला पुरेसे गुण असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी, म्हणजे लष्करी निवड मंडळाच्या, मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं. दोन्ही योजनांतून निवडलेली मुलं प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला दिल्लीला जातात. एनएसएस आणि एनसीसी एकाच वेळी दोन्ही नकोत.

गावाकडून आणलेलं कॉलेजात काढा

हे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे. गोव्यातल्या गावचं मूल कॉलेजात येतं तेव्हा त्याच्याकडे कितीतरी कसब आधीच असतं, पण ते कसब आहे हेच त्याला वाटत नाही. देवळाच्या उत्सवात नाटक होतं, त्यात तुम्ही काम केलंय, किंवा पडद्याआडून प्रॉम्प्टिंग केलंय, किंवा रंगपटात दाढ्या चिकटवल्यात. चवथीत घुमट, शामेळ आणि कासाळं घेऊन घरोघर आरत्या म्हटल्यात. शिगम्यात रोमटामेळात नाचलाय, दिंडीत अभंग गायलाय, पौषात मांडावर आईबरोबर धालो (बायकांची गाणी-नाच) घातलेत, फुगडीचे वीस प्रकार पायांत आहेत. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना कुठलं फळ कुठे शोभतं हे डोळ्यांना कळतं. घुमट तर २०१९ पासून गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालंय.

आता याची विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या यादीशी सांगड घाला. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे पाच विभाग असतात: एकांकिका, स्किट, माईम, मिमिक्री, लोकनृत्य, समूहगान, वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजूषा, रांगोळी, स्थळचित्रण, मातीकाम, व्यंगचित्र, मांडणशिल्प. गावात ज्याला कुणी नाव दिलं नव्हतं त्याला इथे रकाना आहे. माटोळीचा हात मांडणशिल्पात चालतो. चवथीची मूर्ती रंगवणारा मुलगा मातीकामात बसतो. कॉलेजातून विद्यापीठाच्या संघात, तिथून विभागीय आणि मग राष्ट्रीय महोत्सवात, अशी चढण आहे.

एकांकिकेत नवख्याने शिरायचं कसं? निवडचाचणीला दोन मिनिटांचा उतारा पाठ करून जा. उत्सवी नाटकातला नको. तिथे आवाज मैदानाच्या टोकाला पोचवायची सवय लागलेली असते आणि सभागृहात तेच आरडाओरड वाटतं. घरातल्या माणसाच्या बोलण्यातलं एखादं साधं स्वगत घ्या. निवड झाली नाही तर त्याच दिवशी दिग्दर्शकाला सांगा, ‘मी बॅकस्टेज करतो.’ स्पर्धेतल्या एकांकिकेला साधारण अर्धा तास मिळतो, नेपथ्य लावायला-काढायला मिनिटं मोजून, आणि ते सांभाळणारी मुलं दिग्दर्शकाला नटांहून जास्त हवी असतात. पुढच्या वर्षीची निवड त्यांच्यातूनच आधी होते. माझ्याच विद्यार्थिनींपैकी एक पहिल्या वर्षी फक्त पडदा ओढायची, तिसऱ्या वर्षी तिने एकांकिका लिहिली.

नाटकाची गोडी लागली की कॉलेजच्या बाहेरही बघा. कांपालच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धांना गोव्यातली गावोगावची मंडळं उतरतात. फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं तुमच्या बसच्या रस्त्यावरच असतील. एका स्पर्धेचे चार प्रयोग वही घेऊन बघितले तर पुस्तकात न सापडणारं शिक्षण होतं.

इंग्रजीची धास्ती

आपल्यापैकी अनेकजण चौथीपर्यंत मराठीतून शिकले आणि पाचवीला अचानक इंग्रजीत पडले. ती धास्ती कॉलेजातही सुटत नाही. मंडळाची बैठक इंग्रजीत चालली की आपण मागे बसतो. यावर मला लागू पडलेला उपाय असा: प्रत्येक बैठकीत एक वाक्य बोलायचं, आधी वहीत लिहून नेलेलं. दुसऱ्या महिन्यात दोन. अडलं तर कोकणीत किंवा मराठीत पूर्ण करा. गोव्याच्या कॉलेजात समोरच्या बहुतेकांना ते कळतं. आणि मराठी वक्तृत्व, काव्यवाचन, भित्तिपत्रक यात आधी नाव करा. एकदा लोक तुम्हाला बोलणारी म्हणून ओळखू लागले की भाषा बदलली तरी ऐकून घेतात.

कॉलेजच्या भिंतीपलीकडे

गोवा विद्यापीठ १९८५ पासून आहे, ताळगाव पठारावर. संलग्न कॉलेजांतली पुष्कळ मुलं पदवी मिळेपर्यंत तिथे फिरकतच नाहीत. एकदा जाऊन या. विद्यापीठात दा. ध. कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा यांच्या नावाची अध्यासनं आहेत. त्यांवर बाहेरून नामवंत अभ्यासक येतात आणि त्यांच्या छोट्या अभ्यासक्रमांना अनेकदा बाहेरच्यांनाही बसता येतं. पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय कदंब स्टँडपासून चालत काही मिनिटांवर. हे ग्रंथालय १८३२ साली सुरू झालं. बस येईपर्यंतचा एक तास सत्कारणी लावायला याहून चांगली जागा पणजीत नाही. माझं अर्धं वाचन तिथे झालं.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो, साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. अशा महोत्सवांना स्वयंसेवक लागतात. नोंदणी आधीच सुरू होते, म्हणून सप्टेंबरपासून संकेतस्थळं बघत राहा, आणि परीक्षेच्या तारखा समोर ठेवूनच होकार द्या.

विज्ञानाच्या मुलांना दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जुन्या गोव्यातली कृषी संशोधन संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र घराजवळ आहेत. देशभरातली मुलं जिथे यायला धडपडतात तिथे आपल्याला एका बसने जाता येतं. शास्त्रज्ञाला ईमेल करताना ‘मला कुठलंही काम चालेल’ असं लिहू नका. असं काहीतरी लिहा, इंग्रजीत:

‘मी अमुक कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या गटाचं खारफुटीतल्या खेकड्यांवरचं काम वाचलं. आमचं घर खाडीकाठी आहे आणि मी गेले चार महिने तिथल्या खेकड्यांची नोंद ठेवते आहे. दोन पानं सोबत जोडली आहेत. मे महिन्यात सहा आठवडे पूर्णवेळ येऊ शकते. माझे शिक्षक शिफारसपत्र देतील.’

पाच-सहा ओळी, एक जोडपत्र, आणि तुम्ही कधी मोकळे आहात. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, मग दुसऱ्याला लिहा. उत्तर न येणं हा तुमचा अपमान नाही. भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही बघा. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच मागवतात.

हजेरी, आयएसए आणि क्रेडिट

दुसऱ्या वर्षी महोत्सवाच्या कामात बुडून मी एक आयएसए चुकवली. शिक्षकांना तोंडी सांगितलं होतं, लेखी काहीच नव्हतं, आणि पुन्हा परीक्षा मिळाली नाही. म्हणून नियम लक्षात ठेवा: जाण्याआधी पत्र. कार्यक्रमाचं नाव, तारखा, बुडणारे तास, उपक्रमाच्या शिक्षकांची सही. एक प्रत कार्यालयाला, एक विषय-शिक्षकांना, आणि पोच घेतलेली एक तुमच्याकडे.

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (श्रेयांक) लागतात आणि त्यात इंटर्नशिपलाही जागा आहे. इंटर्नशिप सुरू करण्याआधीच विभागप्रमुखांना विचारा की ती क्रेडिटमध्ये धरतील का, किती तास लागतील, अहवाल कुठल्या नमुन्यात हवा. नंतर विचारलं तर बहुधा उशीर झालेला असतो. क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात जमा होतात, तेव्हा ते खातं उघडून नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का ते तपासा. शिष्यवृत्त्यांचे अर्जही याच काळात येतात. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून पावसाळ्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवा.

कुणी त्रास दिला तर

‘सीनियर आहेत, थोडं चालतं’ हे ऐकून घेऊ नका. रॅगिंगविरोधी देशव्यापी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ दिवसरात्र चालू असते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच महिन्यात बघून ठेवा. शिबिराला किंवा बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना सोबत महिला शिक्षिका आहे का, मुक्काम कुठे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वही

शेवटचं काम घरी बसून करायचं. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक उपक्रमानंतर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बसमध्ये लिहा: तारीख, किती तास, तुम्ही नेमकं काय केलं, कुणाबरोबर, काय बिघडलं, किती खर्च आला. प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेवा. पदव्युत्तर प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत ‘टीममध्ये काम केलं’ एवढंच सांगितलं की समोरचे मान डोलावून पुढे जातात. ‘चाळीस मुलांच्या शिबिराचं सात दिवसांचं जेवण मी सांभाळलं, तिसऱ्या दिवशी गॅस संपला तेव्हा गावातल्या बायकांना विचारून चुलीवर पेज केली’ असं सांगितलं की ते पेन खाली ठेवून ऐकतात.

वहीची मागची दहा पानं पुढच्या बॅचसाठी ठेवा. सभागृहाची किल्ली कुणाकडे, कपडेपट भाड्याने कुठे मिळतो आणि कितीला, ढोल-ताशा कुणाच्या गावातून आणला, कुठले शिक्षक संध्याकाळी पाचनंतरही थांबतात, आणि वाळपई, केपे, पेडण्याच्या बस आता नेमक्या किती वाजता सुटतात. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये ती पानं फाडून तुमच्याच बसने येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीच्या हातात द्या.